एसईओचे नियम आले कुठून?

नवी वेबसाइट सुरू केली की कुणी ना कुणी एसईओच्या, म्हणजे साइट सर्च इंजिनात वर दिसावी म्हणून करायच्या, कामांची यादी हातात देतं. टायटल नीट लिहा, कीवर्ड टाका, साइटमॅप द्या, रोबॉट्स फाइल तपासा, बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक) मिळवा, पान मोबाइलवर नीट दिसतंय का बघा. वाचताना वाटतं, हे सगळे एकाच नियमावलीतले नियम असावेत. तसं नाही. यातली काही कामं १९९४ सालची आहेत, काही २०१५ ची, आणि एखादं तर केव्हाच निकामी होऊनही यादीत टिकून राहिलंय. बहुतेकांच्या मागे एक तर जुनी अडचण आहे, नाही तर जुनी लबाडी. ती माहीत असली की काय मन लावून करायचं आणि कशाकडे सरळ काणाडोळा करायचा, हे नवख्यालाही ठरवता येतं.

सुरुवातीला वेब एवढं लहान होतं की वेबचे जनक टिम बर्नर्स-ली सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत वेब सर्व्हरची यादी हातानेच ठेवत. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी सुरू केलेली याहूसुद्धा आधी माणसांनी विषयवार लावलेली सूचीच होती. त्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन पिंकर्टन यांनी वेबक्रॉलर हे सर्च इंजिन बनवलं. ते पानाच्या नावावर न थांबता पानातला सगळा मजकूर वाचून शोधात घेत असे. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन आलं आणि असा शोध झपाट्याने सर्वांच्या सवयीचा झाला. साइट सापडणं आता सूची लावणाऱ्या माणसावर नाही, तर पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून राहिलं. एसईओची सुरुवात इथून होते.

हे फिरणारे प्रोग्राम, म्हणजे क्रॉलर, तेव्हा फारच बेशिस्त होते. एकामागून एक पानं इतक्या वेगाने मागायचे की छोटे सर्व्हर मान टाकायचे. म्हणून १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी एक साधा तोडगा सुचवला: साइटच्या मुळाशी एक मजकूर फाइल ठेवायची आणि कुणी कुठे यायचं नाही ते तीत लिहायचं. हीच रोबॉट्स फाइल. तिचं अधिकृत मानक व्हायला २०२२ साल उजाडलं. तोवर सगळा कारभार सामंजस्यावर चालला होता.

या फाइलकडे जरा जवळून बघायला हवं, कारण नवख्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. तीत 'डिसअलाऊ' अशी एक ओळ असते. तिच्यापुढची जागा कोरी सोडली तर सगळी साइट खुली. तिथे नुसती एक तिरकी रेघ दिली तर सगळी साइट बंद. साइट बनत असताना ती रेघ मुद्दाम देतात आणि साइट सुरू करताना काढायची राहून जाते. मग मालक महिनोन्महिने कीवर्ड बदलत बसतो. दुसरं असं की ही फाइल म्हणजे विनंती आहे, कुलूप नाही. तिने अडवलेल्या पानाला बाहेरून कुणी लिंक दिली असेल तर त्या पानाचा पत्ता शोधात तरीही दिसू शकतो. पान शोधातून खरोखर वगळायचं असेल तर त्या पानातच 'नोइंडेक्स' लिहावं लागतं. आणि ते वाचता यावं म्हणून पान क्रॉलरला खुलं ठेवावं लागतं! दोन्ही एकदम करणारे पुष्कळ असतात आणि पान शोधातून का जात नाही, हे त्यांना कळत नाही.

आता कीवर्डकडे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर इन्फोसीक, अल्टाव्हिस्टा अशी इंजिनं पानाच्या डोक्यात लपलेला 'मेटा कीवर्ड्स' टॅग वाचू लागली. पान कशाबद्दल आहे ते लिहिणाऱ्यानेच सांगावं, हा हेतू चांगला होता. पण वाचकाला न दिसणाऱ्या जागी खरं लिहिण्याचं बंधन कुणावर नसतं. सायकल दुरुस्तीच्या पानात 'सायकल दुरुस्ती' शंभर वेळा कोंबलं जाऊ लागलं. शिवाय पानाशी काडीचा संबंध नसलेले लोकप्रिय शब्दही. तेवढ्यावर न भागलेल्यांनी पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शब्दांचे ढीग रचले. परिणाम काय झाला, ते गूगलचे संस्थापक सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ च्या शोधनिबंधात नोंदवलं आहे: नोव्हेंबर १९९७ मध्ये आघाडीच्या चार व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी फक्त एकाला, स्वतःचं नाव शोधल्यावर पहिल्या दहांत स्वतःचं पान दाखवता येत होतं. वेब रँकिंगसाठी हा टॅग आपण वापरतच नाही, असं गूगलने २००९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तरीही आजच्या याद्यांत 'मेटा कीवर्ड भरा' हे असतंच. ते खुशाल खोडावं.

ब्रिन आणि पेज यांचं उत्तर होतं पेजरँक, म्हणजे लिंकांवरून पानाचं वजन ठरवायची पद्धत. कोणत्या शोधनिबंधाचा हवाला किती जण देतात यावरून त्याचं वजन जोखायची पद्धत विद्यापीठांत आधीपासून होती. त्यांनी तीच लिंकांना लावली. पण नुसती मोजदाद केली नाही. लिंक देणाऱ्या पानाचं स्वतःचं वजन किती, तेही धरलं, आणि ते वजन त्या पानावरच्या सगळ्या लिंकांत वाटून टाकलं. एखाद्या पानावर दोनच लिंका असतील तर प्रत्येकीला निम्मा वाटा. दोनशे असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला दोनशेवा भाग. शेकडो साइटची नावं कोंबलेल्या सूचीत आपलं नाव घालून फारसं काही का होत नाही, याचं मूळ या हिशोबात आहे. आज गूगलचा हिशोब याहून कितीतरी गुंतागुंतीचा आहे, पण ही कल्पना अजून कामाची आहे.

ब्रिन आणि पेज यांच्या त्याच निबंधात आणखी एक गोष्ट होती: लिंक ज्या शब्दांवर दिलेली असते ते शब्द, ती लिंक जिथे जाते त्या पानाचं वर्णन म्हणून धरायचे. याची गंमत अशी की 'इथे क्लिक करा' याचे इंग्रजी शब्द शोधले तर बराच काळ अ‍ॅडोबी रीडर डाउनलोड करण्याचं पान वर येत असे. त्या पानावर तसे शब्द होते म्हणून नव्हे, तर असंख्य साइटनी त्याच शब्दांवर त्या पानाची लिंक दिली होती म्हणून. आपल्याच साइटवर एका पानातून दुसऱ्या पानाकडे लिंक देताना 'इथे' किंवा 'अधिक वाचा' असं न लिहिता त्या पानाचा विषय लिहावा, हा सल्ला यातूनच आला. मला तर सगळ्या यादीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम हेच वाटतं.

लिंकेला वजन आलं म्हणजे तिला भावही येणार. गूगलने २००० मध्ये ब्राउझरमध्ये बसवायच्या आपल्या टूलबारवर पानाचा पेजरँक शून्य ते दहा असा दाखवायला सुरुवात केली आणि लिंक विकणाऱ्यांना आयतं परिमाण मिळालं. हा आकडा २०१६ मध्ये बंद झाला. दुसऱ्यांच्या लेखांखालच्या प्रतिक्रियांत लिंका डकवण्याचा धंदाही वाढला. त्यावर गूगल, याहू आणि एमएसएन यांनी जानेवारी २००५ मध्ये मिळून 'नोफॉलो' आणलं: वाचकाला लिंक दिसेल, पण वजन जाणार नाही. २००६ मध्ये सर्च इंजिनला एक आणि वाचकाला दुसरंच पान दाखवल्याबद्दल बीएमडब्ल्यूची जर्मन साइट गूगलने काही दिवस आपल्या इंडेक्समधून, म्हणजे शोधाच्या नोंदींतून, काढली. मोठ्या नावालाही सूट नाही, हे सर्वांनी पाहिलं. एप्रिल २०१२ चा गूगलच्या शोधपद्धतीतला पेंग्विन नावाचा बदल आल्यावर बनावट लिंका जमवलेल्या साइट धडाधड खाली गेल्या. आजही 'अमुक पैशांत हजार बॅकलिंक' अशा जाहिराती दिसतात. तो माल तेव्हाच जोखमीचा ठरलेला आहे. नवख्या माणसाने त्यासाठी खिशात हात घालू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

साइटमॅपची कथा छोटी आणि सरळ. क्रॉलर लिंकांवरून चालतो. ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही ते त्याला सापडत नाही. म्हणून २००५ मध्ये गूगलने पत्त्यांची यादी फाइलमध्ये द्यायची सोय केली, आणि पुढच्या वर्षी याहू व मायक्रोसॉफ्ट त्यात सामील झाले. साइटमॅपने रँकिंग वाढत नाही, पान सापडायला मदत होते. दहा-बारा पानांची साइट आतून नीट जोडलेली असेल तर तो नसला तरी फारसं बिघडत नाही.

मजकुरावरची खरी मोहीम गूगलच्या २०११ च्या पांडा नावाच्या बदलाने सुरू झाली. लोक काय शोधतात ते बघून त्या प्रत्येक शोधासाठी चार परिच्छेद पाडणारे कारखाने तोवर जोरात होते. पांडाने अशा साइट मागे सारल्या. २०१३ चं हमिंगबर्ड आणि २०१९ चं बर्ट या गूगलच्या पुढच्या बदलांनी शब्द सुटे न धरता वाक्याचा अर्थ लावायला सुरुवात केली. मजकुरात कीवर्ड इतके टक्के वेळा आलाच पाहिजे, हा हिशोब त्यानंतर तर अगदीच पोकळ झाला. सुरक्षित जोडणी (एचटीटीपीएस) २०१४ मध्ये आणि मोबाइलवर नीट दिसणं २०१५ मध्ये रँकिंगच्या विचारात आलं. मोबाइलचं कारण एवढंच की लोक फोनवर वाचू लागले होते.

२०२४ च्या मे महिन्यात गूगलने अमेरिकेत निकालांच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली. आता वाचकाला पानावर न येताही उत्तर मिळू शकतं. त्याआधी २०२३ मध्येच चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपल्या क्रॉलरला 'जीपीटीबॉट' असं नाव जाहीर केलं आणि गूगलने 'गूगल-एक्स्टेंडेड' ही वेगळी खूण दिली. ज्यांना आपला मजकूर एआयच्या प्रशिक्षणासाठी द्यायचा नाही, ते ही नावं कोस्टर यांच्या त्याच फाइलमध्ये लिहितात. मात्र गूगल-एक्स्टेंडेड अडवल्याने शोधातलं स्थान बदलत नाही आणि निकालांवरचं एआय उत्तरही थांबत नाही, कारण ते गूगलबॉट या गूगलच्या नेहमीच्या क्रॉलरने वाचलेल्या पानांवरूनच तयार होतं. आणि गूगलबॉटला अडवलं तर पान गूगलला वाचताच येत नाही, म्हणजे शोधातली जागाही जवळपास गेलीच.