सेकंडहँड स्पोर्टी गाडीचे टायर: निवड आणि निगा
नाशिकमधील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटी, अबार्थ पुंटो किंवा बीएमडब्ल्यू थ्री सिरीज दुसऱ्या-तिसऱ्या हातात येते, तेव्हा इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स सगळं बारकाईने पाहिलं जातं. टायरची तपासणी मात्र ‘गोटा नाहीत ना’ एवढ्यावर संपते. या गाड्यांना तेवढं पुरत नाही. आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली आणि कुठे पैसे वाचवले, हे टायरवर स्पष्ट दिसतं. म्हणून व्यवहार ठरण्याआधीच टायर वाचायला शिका.

आधी तारीख, मग नक्षी

टायरच्या कडेवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू आत गेलेली असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून मोबाइलच्या उजेडात बघा, नाहीतर गाडी लिफ्टवर घ्या. फक्त रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीत नक्षी सहा मिमी शिल्लक पण टायर आठ वर्षांचा, असं सहज आढळतं. असा टायर दिसतो नवा, पण रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर गाडी पुढे घसरत जाते. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या. नाशिकचा एप्रिल-मे आणि या गाड्यांचा वेग पाहता सहा-सात वर्षांपुढे ते ठेवू नयेत, असं आमचं मत आहे.

नवा टायर घेतानाही तारीख बघाच. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध आणले. काही मोठे साइज आता मागवून घ्यावे लागतात आणि गोदामात पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून हाती येऊ शकतो.

नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिमी आहे. खाचांमधले आडवे उंचवटे नक्षीला येऊन टेकले की ती संपली. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, त्यामुळे जुलैत इगतपुरी आणि कसारा घाटातून जाणार असाल तर तीन मिमीलाच टायर बदला.

झीज कुठे आहे ते बघा

फक्त आतली कड खाल्लेली असेल तर टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बिघडलेला आहे. आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवली असेल तर हे जवळजवळ ठरलेलंच. बाहेरून टायर छान दिसतो आणि आतून तारा निघालेल्या असतात, म्हणून हात आत घालून कड चाचपा. आधी तारा दिसत नाहीत ना, याची खात्री करा. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त, दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी. हात फिरवताना टायर एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला, तर टो चुकलेला. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग बघा.

अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करण्याआधी चाक जागेवर धरणारे लोअर आर्मचे बुश (रबरी सांधे), बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासायलाच हवेत. बुश फाटलेला असेल तर मशीनवर आकडे हिरवे येतात, पण ब्रेक दाबला की चाक पुन्हा आपली जागा सोडतं. मग नवे टायर काही हजार किलोमीटरमध्ये तसेच खाल्ले जातात आणि दोष टायरच्या कंपनीला मिळतो.

साइज कोणता घ्यावा

गाडीवर सध्या कोणता टायर आहे, त्यावरून साइज ठरवू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे जो स्टिकर आहे, तो खरा. २२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू याचा अर्थ रुंदी २२५ मिमी, कडेची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची, एका टायरवर जास्तीत जास्त ६७० किलो भार आणि ताशी २७० किमीपर्यंतचा वेग. ९४ च्या जागी ९१ असेल तर भार ६१५ किलोवर येतो. व्ही म्हणजे २४०, एच म्हणजे २१०. ‘समृद्धीवर मर्यादा १२० ची, मग डब्ल्यू कशाला?’ असं बरेच ग्राहक विचारतात. हे अक्षर टायर किती उष्णता सोसतो तेही सांगतं. कंपनीने दिलेल्या भार आणि वेगाच्या आकड्याखाली आम्ही टायर बसवत नाही.

रिम मोठी करायची असेल तर चाकाचा एकूण व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. २२५/४५ आर १७ चा व्यास सुमारे ६३४ मिमी आणि २२५/४० आर १८ चा ६३७, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही. पण कडेची उंची १०१ वरून ९० मिमीवर येते आणि पावसाळ्यातला प्रत्येक खड्डा थेट रिमपर्यंत पोहोचतो. रोज गंगापूर रोड ते अंबड करणाऱ्याला आम्ही १७ इंचीच सुचवतो.

टायरवर चांदणी असेल तर तो बीएमडब्ल्यूने, एमओ असेल तर मर्सिडीजने आणि एओ असेल तर ऑडीने मंजूर केलेला आहे. क्वाट्रो किंवा एक्सड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत चारही टायर एकाच प्रकारचे हवेत. त्यांच्या नक्षीतला फरक दोन मिमीच्या आत ठेवा. घेर वेगवेगळे झाले की पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसवर सतत ताण येतो. पुढे-मागे वेगळा साइज असलेल्या गाडीत पुढचे टायर मागे टाकता येत नाहीत, त्यामुळे मागची जोडी लवकर संपते हे हिशेबात धरा.

दोनच टायर घेणार असाल तर नवी जोडी मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असली तरी. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटर सोडून सावरता येते. ओल्या वळणावर मागचे सुटले की गाडी गरकन फिरते.

हवा

सकाळी, गाडी तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना हवा तपासा. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या थंडीत कमी भरते. सिन्नरजवळून समृद्धीवर चढण्याआधी स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेला आकडा भरा. कमी हवेवर सतत वेगात पळताना टायरची कड वारंवार दुमडते, तापते आणि तिथूनच फुटते. वाटेत थांबल्यावर आकडा चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसेल. ती हवा काढू नका. नायट्रोजन भरलात तरी हरकत नाही, पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दर पंधरा दिवसांनी गेज लावणं जास्त महत्त्वाचं.

पंक्चर, फुगा आणि रनफ्लॅट

नक्षीच्या मधल्या भागात, सहा मिमीपर्यंतचं भोक असेल तरच दुरुस्ती करा, तीही टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून. बाहेरून ठोकलेला धागा घरी पोहोचण्यापुरता. कडेवर कट असेल किंवा फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले आहेत. त्याला इलाज नाही, टायर बदलावाच लागतो.

आरएफटी, झेडपी किंवा एसएसआर लिहिलेले टायर रनफ्लॅट असतात. हवा गेली तरी साधारण ताशी ८० च्या आत ८० किमी जाता येतं. त्यांची कड ताठ असल्याने खड्ड्यात रिमला जास्त मार बसतो. साधे टायर टाकायचे तर चारही एकदम टाका. अशा गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते, तेव्हा पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप डिकीत ठेवा.

वाकलेली रिम सरळ करता येते, पण तडा गेलेली रिम वेल्डिंग करून वेगवान गाडीला लावू नये.

बसवताना

प्रत्येक नव्या टायरसोबत रबरी व्हॉल्व्ह नवा घ्या. बाजारातली मॅगव्हील असेल तर मधल्या भोकाचं माप जुळतं का ते बघा. फोक्सवॅगन-स्कोडाचं ५७.१ मिमी असतं. भोक मोठं असेल तर सेंटर रिंग लागते, नाहीतर कितीही बॅलन्सिंग केलं तरी स्टिअरिंग थरथरतं. बोल्ट शेवटी टॉर्क पान्यानेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळायचे, बहुतेक फोक्सवॅगन-स्कोडाला १२० न्यूटन मीटर, आणि ५० ते १०० किमीनंतर पुन्हा तपासायचे. चाकाच्या वेगावरून हवा ओळखणाऱ्या गाडीत हवा भरल्यावर सिस्टिम रीसेट करावी लागते.

येताना दाराच्या स्टिकरचा फोटो आणि व्हील लॉकची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास बोल्टची) चावी सोबत आणा. सेकंडहँड गाडीत ही चावी टूलकिटमध्ये किंवा ग्लोव्हबॉक्सच्या तळाशी सापडते. सापडली नाही तर आधी फोन करा, म्हणजे लॉक बोल्ट काढायची तयारी ठेवून तुम्हाला वेळ देता येईल.