जुनं दुखणं, खचलेलं मन आणि फोनवरचा उपचार

शुगर, बीपी, संधिवात, दमा, किडनीचं दुखणं. या आजारांत 'आता बरं झालं' असा दिवस उजाडत नाही. गोळी रोजची, पथ्य रोजचं, तपासणी ठरलेली, आणि घरात कुणी ना कुणी विचारणारं, "आज किती आली?" अशा माणसाला मनाचा आजार जडण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. मधुमेहींमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या तुलनेत दोन ते तीन पट आढळतं. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला तीव्र नैराश्य येतं. तरीही लातूर काय किंवा नांदेड काय, या रुग्णांच्या फायली उघडून बघा. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी असते, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन असतं, ईसीजीची पट्टी असते. झोप लागते का, कशात मन रमतं का, याबद्दल एक ओळ सापडणं मुश्कील.

"एवढा आजार म्हटल्यावर माणूस खचणारच," असं आपण सहज म्हणून जातो. हे अर्धंच खरं आहे. खचण्याचा एक रस्ता थेट शरीरातून जातो. दीर्घकाळ दाह चालू असला की प्रतिकारशक्तीच्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडत राहतात आणि त्यांचा परिणाम मेंदूवर होतो. याचा ठोस पुरावा एका औषधाने दिला. हिपॅटायटिस सी च्या रुग्णांना पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. इंटरफेरॉन हे स्वतःच एक सायटोकाइन. ते सुरू केल्यावर काही महिन्यांत पाव ते एक तृतीयांश रुग्णांना नैराश्य येई; आधी कधीही तसला त्रास नसलेल्यांनाही. उलट्या दिशेचा रस्ताही आहे. सततच्या ताणाने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, यकृत जास्त साखर रक्तात सोडतं, इन्सुलिनचा असर कमी होतो. शिवाय खचलेला माणूस गोळी चुकवतो, फिरायला जात नाही, पथ्य सोडून देतो. मग डॉक्टर डोस वाढवतात. मूळ कारण तिथेच राहतं.

ओळखायचं कसं, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. जगभर नैराश्य चाचपण्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७, आणि दहा किंवा त्याहून जास्त झाले की पुढची तपासणी करायची. आता त्यातले प्रश्न बघा. झोप नीट लागते का? थकवा येतो का? भूक कमी-जास्त झाली का? आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसणाऱ्याला हे विचारलं, तर नैराश्य नसतानाही त्याचे गुण भराभर वाढतील. थकवा किडनीचा, भूक मेलेली रक्तात साचलेल्या युरियामुळे, झोप मोडलेली खाजेमुळे. नैराश्य खरंच असलं, तर उलट चूक होते आणि सगळं किडनीच्या खात्यात जमा होतं. म्हणून जाणकार माणूस पहिल्या दोन प्रश्नांवर थांबतो. कशात रस वाटतो का, आणि मन उदास असतं का. नातू कडेवर आला तरी बरं वाटत नाही, बैलपोळ्याला बैल सजवायची इच्छा होत नाही, ही खूण थकव्याने समजावता येत नाही. आपल्याकडे कुणी 'मला नैराश्य आलंय' म्हणत येतही नाही. 'करमंना', 'जीव घाबरा व्हतोय', 'अन्न गोड लागंना' हे ऐकून घेणारा कान समोर हवा.

आणि प्रत्येक खचणं म्हणजे नैराश्य नव्हे. मधुमेहींना अनेकदा आजाराचाच वीट येतो. सुया, पथ्यं, बोलणी, खर्च, आणि एवढं करूनही न उतरणारा आकडा. अमेरिकेतल्या विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हा वैताग मोजायला वीस प्रश्नांची वेगळी मोजपट्टी तयार केली. अशा वैतागात गोळीपेक्षा आजार हाताळण्याची मदत आणि घरच्यांची साथ जास्त उपयोगी पडते. दोन्हींत गल्लत झाली की बिचाऱ्याच्या फाईलमध्ये आणखी एका गोळीची भर पडते.

उपचाराची जी पद्धत फोनवर आणि इंटरनेटवर सगळ्यात जास्त तपासली गेली, ती कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. विचार, कृती आणि भावना एकमेकांना ओढतात. भावनेला थेट हात घालता येत नाही, पण विचार तपासता येतो आणि कृती बदलता येते. ऑनलाइन रूपात आठवड्याला एक धडा, थोडा गृहपाठ, आणि पलीकडे तो वाचून उत्तर देणारा समुपदेशक, असे काही आठवडे चालतं.

जुन्या दुखण्यात हे कसं चालतं, ते आपल्या शेतातलंच उदाहरण घेऊन बघू. धरून चला, परभणीकडची एक बाई आहे. कंबर कित्येक वर्षांची धरलेली. कापूस वेचणी सुरू आहे आणि मजुरी किलोवर. ज्या दिवशी कंबर बरी, त्या दिवशी ती दोन दिवसांचं काम ओढून घेते, कारण उद्याचा भरवसा नाही. रात्री कंबर अशी धरते की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, आणि 'मी आता कामाची राहिले नाही' हा विचार डोक्यात घर करतो. जरा बरं वाटलं की पुन्हा तेच. अशा चढउतारांत काम करण्याची एकूण ताकद महिन्यागणिक कमी होत जाते. उपचारात आधी आठवडाभर नोंद ठेवायची, किती वेळ वाकल्यावर दुखणं चढतं याची. समजा चाळीस मिनिटं निघाली. मग तीस मिनिटांनी थांबायचं, दुखत नसलं तरी. दहा मिनिटं पाठ टेकायची, परत उठायचं, आणि आठवड्या-आठवड्याने वेळ थोडा थोडा वाढवायचा. कधी थांबायचं हे घड्याळाने ठरवायचं. यामागे शास्त्र आहे. वर्षानुवर्षं टिकलेल्या वेदनेत मज्जासंस्था अतिसंवेदनशील झालेली असते, आणि दुखतंय म्हणजे आत काहीतरी तुटतंय, असं दरवेळी नसतं. काम करूनही कळ न उठल्याचा अनुभव वारंवार आला, की ही भीती ओसरत जाते.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. तीस मिनिटांनी बसायची मुभा रोजंदारीवरच्या बाईला देतो कोण? परदेशात तयार झालेला धडा जसाच्या तसा मराठीत उतरवला, तर तो इथेच अडकतो. वेचणी, खुरपणी, पाटी उचलणं यांची उलटापालट करून कंबरेला आराम कसा द्यायचा, हे सांगायला शेत पाहिलेला समुपदेशक लागतो.

या उपचाराचा गुण येतो का? स्वीडनमध्ये लिंकोपिंग विद्यापीठातल्या गेरहार्ड अँडरसन यांनी आणि ऑस्ट्रेलियात माइंडस्पॉट क्लिनिकने यावर बरंच काम केलं आहे. नैराश्य आणि चिंता यांवर, माणसाची साथ असलेला ऑनलाइन उपचार समोरासमोरच्या उपचाराच्या जवळपास जातो. दीर्घ आजारांच्या रुग्णांत फायदा दिसतो, पण बहुतेक अभ्यासांत तो लहान ते मध्यम असतो. चमत्काराची अपेक्षा कुणी विकत असेल, तर त्याला थारा देऊ नये. २०२१ मध्ये हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं, की लक्षणं सौम्य असतील तर नुसता प्रोग्रॅमही बऱ्यापैकी चालतो. त्रास जास्त असेल तर पलीकडे माणूस असल्याने स्पष्ट फरक पडतो. त्या माणसाला एका रुग्णामागे आठवड्याला साधारण दहा-पंधरा मिनिटंच द्यावी लागतात. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागासाठी हा आकडा फार मोलाचा आहे.

आपल्याच देशातला एक पुरावा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर भारतातल्या चार दवाखान्यांत झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समन्वयक वर्षभर रुग्णांच्या मागे राहिले, मन आणि साखर दोन्हींची खबर घेत. डॉक्टरांचं पथक या रुग्णांचा आढावा घेई आणि संगणकावरची प्रणाली उपचारात बदल सुचवी. दोन वर्षांनी बघितलं, तर नैराश्य निम्म्याने उतरून शिवाय साखर, बीपी किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी सुधारलेले रुग्ण या गटात ७१.६ टक्के होते; नेहमीच्या उपचारात ५७.४ टक्के. दोन्ही दुखणी एकाच माणसाने, एकाच वहीत सांभाळली, याचा हा गुण आहे. मनाचं अॅप वेगळं आणि शुगरची गोळी वेगळी ठेवून ते जमणार नाही.

मराठवाड्यात याचे धागे हाताशी आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. क्रमांक १४४१६, मोफत, दिवसरात्र, मराठीत. महाराष्ट्रातल्या तिच्या केंद्रांत पुणे, ठाणे यांच्या जोडीने बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई आहे, याचं मला अप्रूप वाटतं. आधी समुपदेशक बोलतो आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जोडून देतो. उपकेंद्रात बसलेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन सल्लासेवेवरून लांबच्या डॉक्टरांशी रुग्णाची गाठ घालून देता येते. किनवटच्या माणसाला नांदेड गाठायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर जायचं, मजुरी बुडवायची, सोबत एकाला न्यायचं. ऊसतोडीचा प्रश्न तर आणखी वेगळा. बीडची टोळी दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. एवढे महिने गावातला दवाखाना तिच्या कामाचा नाही. टोळीच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पोचू शकेल असा मानसिक उपचार एकच, फोनवरचा.

पण फोन कुणाचा? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. नवऱ्याच्या फोनवरून, सासूच्या समोर, सुनेने काय बोलायचं? यावर उपाय मला उपकेंद्रातच दिसतो. शुगर-बीपी तपासायच्या दिवशी आशाताईने कशात रस वाटतो का आणि मन उदास असतं का, हे दोन प्रश्न विचारावेत, आणि गरज दिसली तर तिथल्याच खोलीत, दार लावून, उपकेंद्राच्या फोनवरून बोलणं व्हावं. गावाला वाटेल, शुगर दाखवायला गेली होती.

काही वेळी मात्र फोन पुरत नाही. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. इन्सुलिन, गोळ्यांचा साठा आणि शेतातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी त्याच्या हातापासून लांब, कुलपात ठेवा. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आल्यावर आत्महत्या खूप घटल्या, इतका फरक साधन लांब ठेवल्याने पडतो.

१४४१६ ला लावण्याआधी फाईल जवळ घेऊन बसा. चालू गोळ्यांची नावं वाचून सांगा, स्टेरॉइड चालू असेल तर आवर्जून सांगा, कारण त्यानेही मन बिघडतं. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन शेवटचं कधी तपासलं तेही सांगा. इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर, धडधड झाली, तर ती चिंता समजून फोन लावू नका. आधी साखर मोजा, मोजायचं यंत्र नसेल तर लगेच साखर-पाणी घ्या. समुपदेशकाला ते पलीकडून दिसत नाही.