परदेशी पार्टीसोबत करार करताय? आर्बिट्रेशनची सीट आधी बघा

आर्बिट्रेशनचा, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादाकडून सोडवण्याचा, क्लॉज करारात अगदी शेवटी येतो, तोवर सगळे कंटाळलेले असतात, त्यामुळे समोरच्याने 'सीट लंडन' किंवा 'सीट पॅरिस' लिहिलं की लोक सही करून मोकळे होतात. सुनावणी ऑनलाइन घ्या नाहीतर तिसऱ्याच देशात, ते चालतं. सीट म्हणजे आर्बिट्रेशनचं कायदेशीर ठिकाण, त्यावरून ठरतं ते हे, की अवॉर्ड, म्हणजे लवादाचा निकाल, रद्द करायला कुठल्या देशाच्या कोर्टात जायचं.

लंडन सीट असेल तर इंग्लंडच्या 1996 च्या आर्बिट्रेशन कायद्यातलं कलम 69 लागतं, म्हणजे आर्बिट्रेटरने इंग्लिश कायद्याचा अर्थ चुकीचा लावला म्हणून अपील करता येतं, पण कोर्टाची परवानगी किंवा दोन्ही बाजूंची संमती लागते, शिवाय आयसीसी किंवा एलसीआयए या आर्बिट्रेशन चालवणाऱ्या संस्थांचे नियम घेतले असतील तर तो रस्ता आपोआप बंद. आंतरराष्ट्रीय प्रकरणात पॅरिसला असं अपीलच नाही. अवॉर्ड रद्द करायला मोजून पाच कारणं, आणि अर्ज टाकला म्हणून वसुली आपोआप थांबतही नाही.

दल्लाह नावाच्या कंपनीचंच बघा. हजयात्रेकरूंच्या निवासाचा करार, सीट पॅरिस, अवॉर्ड पाकिस्तान सरकारच्या विरोधात. लंडनला वसुलीला गेले तर 2010 मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं की सही एका ट्रस्टची, सरकार करारात पक्षकारच नव्हतं, आणि हे ठरवलं फ्रेंच कायदा लावून! 2011 मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने तोच फ्रेंच कायदा लावून सांगितलं, होतं की पक्षकार, अवॉर्ड कायम.

आता कॉमन लॉ (इंग्लिश परंपरा) म्हणजे असं आणि सिव्हिल लॉ (फ्रान्स, जर्मनीसारखी परंपरा) म्हणजे तसं, ही विभागणी आम्हाला तरी फारशी पटत नाही, कारण भारत आणि जर्मनी दोघांचे कायदे युनसिट्राल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या 1985 च्या एकाच मॉडेल कायद्यावरून आलेत, आणि इंग्लंड, फ्रान्सने ते मॉडेल घेतलेलंच नाही. फरक जाणवतो तो माणसांच्या सवयीत. लंडनच्या मुशीतला आर्बिट्रेटर समोरच्याचे ईमेल, फायली मागायला जास्त मोकळीक देतो आणि साक्षीदाराची उलटतपासणी वकिलांवर सोडतो, जर्मन किंवा स्विस आर्बिट्रेटर बऱ्याचदा म्हणतो तुमचे कागद तुम्ही आणा, प्रश्न मीच विचारतो. तुमचे पुरावे समोरच्याच्या कपाटात असतील तर हे आधीच बघायला हवं.

ड्राफ्ट पाठवताना समोरच्याची मालमत्ता कुठल्या देशात आहे तेही कळवा, सीट आम्ही त्यावरून सुचवतो.