रात्री दीडचं विमान? मग आदल्या दिवशीच घर सोडा

“अमेरिकेला साडेपाच तासांत पोचतं का हो?” तिकीट हातात पडलं की हा फोन आमच्या दादरच्या ट्रॅव्हल ऑफिसात हमखास येतो. तिकिटावर तसंच दिसतं ना: मुंबईहून रात्री १.३० ला सुटणार, त्याच तारखेला सकाळी ७.०० ला न्यूयॉर्क. पण सुटायची वेळ मुंबईच्या घड्याळाची आणि पोचायची न्यूयॉर्कच्या. हिवाळ्यात ते घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. म्हणजे हिवाळ्यातल्या या प्रवासाचे खरे तास १६. येताना हेच उलटं होतं. दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला मुंबई. वजाबाकी केली तर २५ तास, विमानात मात्र साडेचौदाच.

अंतर दोन्हीकडून तेच, सुमारे १२,५०० किलोमीटर. पण वर, दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते अंगावर येतात, येताना पाठीशी असतात. आमच्या टेबलावर पृथ्वीचा गोल आहे. मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो आइसलंडवरून जातो! विमान दरवेळी दोऱ्यासारखं सरळ जातंच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा वळसा पडून तास वाढले.

तासांचा हिशेब चुकला तर फार बिघडत नाही. तारखेचा चुकला तर सगळा प्रवास जातो. १५ तारीख, रात्री १.३०. हे विमान १४ च्या रात्री जेवणं आटोपून गाठायचं असतं. आमच्याकडचे एक काका-काकू १५ च्या रात्री बॅगा घेऊन सहार विमानतळावर पोचले. विमान आदल्या रात्रीच गेलं होतं. नातवासाठी केलेले बेसनाचे लाडू काकूंच्या मांडीवर तसेच. अशा वेळी बहुतेक तिकिटांत परतीचा भागही रद्द होतो आणि नवं तिकीट त्या दिवसाच्या भावानं घ्यावं लागतं.

म्हणून आम्ही तिकिटाला पिवळी चिठ्ठी लावतो, मराठीत, वारासकट: “शुक्रवार १४, रात्री ९ ला घर सोडणे.” काहींना हे पोरकट वाटतं. वाटू दे, चिठ्ठी लावल्याशिवाय तिकीट आम्ही हातात देत नाही. तसंच, वाटेत विमान बदलायला तासाभराचाच वेळ असेल, तर ते तिकीट स्वस्त असलं तरी वयस्कर माणसांना आम्ही सुचवत नाही. चार पैसे जास्त जातात, पण परक्या विमानतळावर गुडघे धरून धावावं लागत नाही.

तिकीट मुलानं तिकडून ऑनलाइन काढलं असलं तरी एकदा घेऊन या. तारीख बघून चिठ्ठी लावून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.