जीवसांख्यिकी : अभ्यास आणि व्यवसाय

जीवसांख्यिकी (जैवसंख्याशास्त्र) म्हणजे वैद्यक, सार्वजनिक आरोग्य, शेती आणि मत्स्यव्यवसाय यांतील प्रश्नांसाठी वापरले जाणारे संख्याशास्त्र. कोकणातील विद्यार्थी बहुधा बारावीला गणित, मग संख्याशास्त्रातील बी.एस्सी. आणि त्यानंतर दोन वर्षांचे एम.एस्सी. या वाटेने तिच्याकडे येतात. जीवशास्त्र मागाहून वाचून घेता येते, गणित नाही. त्यामुळे डॉक्टरकीच्या आशेने बारावीला गणित सोडलेल्यांची अडचण होते. मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्थेत (स्थापना १९५६) जीवसांख्यिकी व लोकसंख्याशास्त्राचे एम.एस्सी. आहे. साधे संख्याशास्त्राचे एम.एस्सी.ही चालते, मात्र त्यात सर्व्हायव्हल ॲनालिसिस (मृत्यू, बरे होणे अशी घटना घडेपर्यंतच्या काळाचे विश्लेषण) आणि क्लिनिकल ट्रायल (रुग्णांवरील उपचारांच्या चाचण्या) हे विषय घ्यावेत.

विषयाचे स्वरूप महाडच्या एका चाचणीवरून समजते. लाल विंचवाच्या दंशावरील डॉ. हिंमतराव बावस्कर यांची ही चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक वाटप करून ३५-३५ चे दोन गट केले होते. प्राझोसिन या औषधासोबत प्रतिविष मिळालेल्या गटात १० तासांत ३२ जण पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्या गटात ८. काय-स्क्वेअर, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे तपासणारा आकडा, ३३.६ येतो; योगायोग नाही असे ५ टक्के पातळीला म्हणायला ३.८४ पुरतो. पण एवढ्यावर थांबणारा विद्यार्थी कच्चा. फरक ६९ टक्क्यांचा आहे आणि त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज) सुमारे ५२ ते ८५ आहे, हे सांगितले तरच डॉक्टरला उपयोग.

सर्वांत महागात पडणारी चूक निरीक्षणाचे एकक ठरवताना होते. समजा, हापूसमधील साक्याचे (आतला गर बिघडलेल्या फळांचे) प्रमाण एखाद्या फवारणीने ३० वरून २० टक्क्यांवर येते का, हे पाहायचे आहे. ८० टक्के पॉवरसाठी (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता ८० टक्के असावी, यासाठी) सूत्राने प्रत्येक गटाला सुमारे २९० फळे लागतात. झाडामागे २० फळे तपासली, तर गटाला १५ झाडे पुरतील असे वाटते. पण एकाच झाडाची फळे एकमेकांसारखी असतात. हा सहसंबंध ०.१ धरला तर डिझाइन इफेक्ट (नमुना किती पट वाढवावा लागेल तो आकडा) १ + १९ × ०.१ = २.९ होतो आणि झाडे लागतात ४३. फवारणी झाडावर होते, म्हणून एककही झाडच. शिवाय हापूस एक वर्षाआड धरतो; एकाच हंगामाच्या आकड्यांवर बागायतदाराला सल्ला देणे धाडसाचे.

दुसरी नेहमीची चूक सर्व्हायव्हल ॲनालिसिसमध्ये दिसते : मधेच गाव सोडून गेलेल्या रुग्णांना गाळून टाकणे. त्यांना शेवटच्या भेटीपर्यंत मोजून पुढे 'सेन्सर्ड' (पुढचे माहीत नाही असे) धरायचे असते.

नोकऱ्या मुख्यतः मुंबई, पुणे, हैदराबाद व बंगळूरच्या औषध आणि क्लिनिकल रिसर्च कंपन्यांत असतात. सुरुवात बहुधा स्टॅटिस्टिकल प्रोग्रामर म्हणून होते. तिथे सॅस (संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर) आणि सीडिस्कची (चाचण्यांची माहिती ठरावीक साच्यात मांडण्याची) मानके येणे सिद्धांतापेक्षा आधी विचारले जाते. आर हे दुसरे सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकणाऱ्यांसाठी सॅसचीही मोफत ऑनलाइन आवृत्ती मिळते. सरकारी वाट हवी असल्यास केंद्रीय लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा आहे. घराजवळ राहायचे तर जागा मोजक्याच : वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) विभागातील सांख्यिकी अध्यापकाची, किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थेतील संशोधन प्रकल्पांची. प्रकल्पाचे काम बहुधा मुदतीचे असते.