पहिली लेन्स ३५ची की ५०ची? वादामागची शंभर वर्षं

आजोबांच्या कपाटातून असो की नागपुरातल्या एखाद्या जुन्या कॅमेऱ्यांच्या सौद्यातून, फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा हाती आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेन्स कोणती घ्यायची? पस्तीसची की पन्नासची? (मिलिमीटर हा शब्द बोलताना कोणी उच्चारत नाही. आकडा लहान, तेवढं दृश्य रुंद.) सांगणारे आपापली आवड सांगतात, मोठमोठ्या फोटोग्राफरांची नावं घेतात, आणि विचारणारा होता त्याहून जास्त गोंधळतो. इतिहास पाहिला तर या वादात आवडीला फार उशिरा जागा मिळाली. त्याआधी बराच काळ हा निर्णय कॅमेऱ्याची खिडकीच करत होती.

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही. एसएलआरमध्ये आरसा असतो. लेन्स बदलली की डोळ्यासमोरचं दृश्यही बदलतं. इथे डोळा लावायची खिडकी वेगळी आणि कायमची. तिच्या मधोमध एक फिकट ठिपका असतो, त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सचं कडं फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. लेन्सच्या मागच्या बाजूचं धातूचं कडं पुढेमागे सरकताना बॉडीतल्या इवल्याशा चाकाला ढकलतं, आणि त्या ढकलण्यावर सगळा हिशेब चालतो. म्हणजे लेन्स लाख चांगली असली, तरी खिडकीत तिची चौकट नसेल तर फोटोत काय येणार हे अंदाजानेच ठरवायचं.

सुरुवात जर्मनीतल्या वेट्झलारची. लायट्झ ही मुळात सूक्ष्मदर्शकं बनवणारी कंपनी. तिथल्या ओस्कर बार्नाकने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा तयार केला. सिनेमाची चौकट १८ × २४ मिमीची होती. त्याने ती दुप्पट करून २४ × ३६ केली. या चौकटीचा कर्ण भरतो सुमारे ४३ मिमी, आणि कर्णाइतकी फोकल लांबी म्हणजे ‘नॉर्मल’ लेन्स, असा तेव्हाचा रिवाज. बार्नाकच्या पहिल्या नमुन्यावर ४२ मिमीची लेन्स होती. पण कॅमेरा विक्रीला आणायची वेळ आली तेव्हा लायट्झच्याच माक्स बेरेकने ५० मिमी, एफ ३.५ची लेन्स बेतली (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो). लांबी थोडी जास्त घेतली की चौकटीचे कोपरे स्वच्छ उमटतात, आणि एवढ्या लहान निगेटिव्हवरून मोठं छापायचं तर कोपरे हवेतच. १९२५च्या लाइपझिगच्या जत्रेत हा कॅमेरा ‘लायका’ नावाने लोकांसमोर आला तो हीच लेन्स घेऊन, आणि ती बॉडीला पक्की बसवलेली होती. पहिली लेन्स निवडायची सोयच नव्हती.

त्या कॅमेऱ्यात रेंजफाइंडरही नव्हता. अंतर नजरेने मोजा, नाहीतर वर खोचायचं वेगळं यंत्र घ्या. १९३०मध्ये लेन्स बदलता येऊ लागली, पुढच्या वर्षी ३९ मिमीच्या आट्यांचा माउंट (लेन्स बसवायची जोडणी) प्रमाणित झाला, आणि १९३२मध्ये लायका दोनमध्ये रेंजफाइंडर लेन्सशी जोडला गेला. त्याच वर्षी झाइस इकॉनचा कॉन्टॅक्स आला, सोबत लुडविग बेर्टेलेच्या झोनार लेन्स: एफ २ आणि एफ १.५. लायटिंगशिवाय घरात फोटो काढता येईल असा उजेड लेन्समधून आत घेण्याची ही शर्यत होती, आणि तीही ५० मिमीतच धावली गेली. कारण साधं होतं. लायकाची खिडकी ५०चंच दृश्य दाखवत असे; ३५ मिमी लावली की वर वेगळा फाइंडर खोचायचा, फोकस एका भोकातून आणि चौकट दुसऱ्यातून. फ्रेंच फोटोग्राफर हांरी कार्तिए-ब्रेसाँने १९३२च्या सुमारास लायका घेतला आणि आयुष्यभर बहुतेक काम ५०नेच केलं. ‘५० म्हणजे डोळ्याची नजर’ हे वाक्य पुढे फार चाललं. माझ्या मते त्यात डोळ्यापेक्षा त्या खिडकीचाच वाटा मोठा आहे.

आपल्याकडे त्याच दशकात काय चाललं होतं? १९३६मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे त्याचं सेवाग्राम झालं. नात्याने त्यांचे नातू लागणारे कनू गांधी तिथे फोटो काढू लागले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स घेतला. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश नाही, पोझ देणार नाही, आणि आश्रम खर्च उचलणार नाही. रोलायफ्लेक्स काही रेंजफाइंडर नव्हे, त्याची लेन्सही बदलत नाही. पण बापूकुटीत एकदा जाऊन पाहा: मातीच्या भिंती, बांबू, उतरतं कौलारू छप्पर, आणि आत येणारा बेताचा उजेड. फ्लॅशवर बंदी असताना अशा खोलीत काम करणाऱ्याला लेन्सच्या एफ आकड्याची किंमत कळते, ती दुकानाच्या काउंटरवर उभं राहून कळत नाही.

यानंतरचं मोठं वळण १९५४चं. लायका एम३मध्ये फोकसची आणि चौकटीची अशा दोन वेगळ्या खिडक्या एक झाल्या, आट्यांच्या जागी झटकन बसणारा माउंट आला, आणि फाइंडरमध्ये पांढऱ्या चौकटी आल्या. त्याचं मॅग्निफिकेशन ०.९१. म्हणजे समोरचं जवळजवळ खऱ्या आकारात दिसतं. दुसरा डोळा उघडा ठेवला तर चौकट हवेत तरंगल्यासारखी दिसते. चौकटी कोणत्या? ५०, ९० आणि १३५. ५०ची कायम दिसणारी, बाकीच्या दोन लेन्स लावल्यावर येणाऱ्या. ३५ला जागाच नव्हती, कारण एवढ्या मोठ्या दृश्यात ती मावणारच नव्हती. मग लायट्झने एम३साठी ३५ मिमीच्या लेन्सना चक्क काचेचा चष्मा जोडून विकलं. कॅमेऱ्याच्या खिडक्यांसमोर तो बसला की दृश्य आकसतं आणि ५०च्या चौकटीत ३५चं चित्र मावतं. जुन्या बाजारात अशी चष्मेवाली लेन्स स्वस्तात दिसली तर ती का स्वस्त आहे ते लक्षात घ्या: एम३ सोडून बाकी कॅमेऱ्यांवर ती गैरसोयीचीच.

वार्ताहरांना मात्र ३५च हवी होती. गर्दीत शिरून काम करायचं तर मागे सरकायला जागा नसते. एम२ याच मागणीला उत्तर म्हणून १९५७च्या अखेरीस आला: मॅग्निफिकेशन ०.७२, चौकटी ३५, ५० आणि ९०च्या. पाठोपाठ १९५८मध्ये ३५ मिमी एफ २ सुमिक्रॉन ही लेन्स आली. आज आपण ज्याला ३५ विरुद्ध ५० म्हणतो तो वाद खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला, कारण लायकात पहिल्यांदाच दोन्ही चौकटी एका खिडकीत, आणखी काहीही न जोडता मिळाल्या. १९६७च्या एम४मध्ये आणि १९८४च्या एम६मध्ये ०.७२च कायम राहिलं. उलट १९७३च्या छोट्या लायका सीएलने ४० मिमी हीच पहिली लेन्स ठरवली, म्हणजे पुन्हा बार्नाकच्या ४२पाशीच येऊन पोहोचली.

जपान्यांची गोष्ट थोडक्यात. कॅननने सुरुवातीच्या कॅमेऱ्यावर निक्कोर (निकॉन कंपनीच्या) लेन्स वापरल्या. १९५०मध्ये कोरियाच्या युद्धाचे फोटो काढणाऱ्या डेव्हिड डग्लस डंकनने निक्कोर उचलल्या आणि पाश्चात्त्य वार्ताहरांत त्यांचं नाव झालं. १९५९चा कॅनन पी खऱ्या आकाराची खिडकी देतो आणि तीत ३५, ५०, १००च्या चौकटी दाखवतो. पण चष्मा लावणाऱ्याला ३५च्या कडा दिसत नाहीत. सोव्हिएत फेड आणि झोर्की लायकावरून घेतलेले, त्यांची ज्युपिटर-८ ही ५० मिमी एफ २ लेन्स झाइसच्या झोनारवरून. लेन्स सुरेख आहे. मात्र ती लायकावर लावली तर जवळचा फोकस, विशेषतः अपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडं असताना, चुकू शकतो, कारण फोकसच्या जोडणीचं प्रमाण दोघांचं सारखं नाही.

भारतात स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध होते. त्यामुळे गावाकडच्या बहुतेक घरांत कॅमेरा म्हणजे बडोद्यात बनणारा आगफा क्लिक-थ्री, आणि पुढे फिल्म म्हणजे उटीच्या सरकारी कारखान्याची इंदू. लेन्स बदलणारा रेंजफाइंडर असलाच तर तो बाहेरून कोणीतरी आणलेला. १९६६चा यॅशिका इलेक्ट्रो ३५ मिळाला असेल तर प्रश्नच मिटला. त्याची ४५ मिमी एफ १.७ पक्की बसवलेली. फक्त मूळ पारा-बॅटरी आता बनत नाही, पर्याय शोधावा लागतो.

आता आपल्या जागेचा हिशेब. दहा फूट खोल ओसरी धरा. पाठ भिंतीला टेकवून तुम्ही समोरच्यापासून तीन मीटरवर आहात. ५० मिमीत रुंदी मावते सव्वादोन मीटरच्या आत, ३५ मिमीत तीन मीटरहून थोडी जास्त. म्हणजे बाजेवर बसलेले दोघं येतील, की बाज, दाराला टेकलेली आजी आणि कोपऱ्यातलं कापसाचं गाठोडंही येईल, एवढा हा फरक. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारी पोरं अंगावर येतात तेव्हाही हेच. शिवाय ३५ मिमी एफ ८ला ठेवून तीन मीटरवर फोकस लावला, की साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ५०ला तेवढ्याच उघड्यावर २.३ ते ४.२. ‘काय काढून राहिला भाऊ?’ असं कोणी विचारेपर्यंत फोटो झालेला असतो.

वावरात गोष्ट वेगळी. पऱ्हाटीत मागे सरकायला कोणी अडवत नाही, वेचणाऱ्या बाईचा चेहरा ३५मध्ये आभाळाखाली हरवतो, तिथे ५०च बरी.

एफ आकड्यावर पैसे घालवणारे दुपारचा हिशेब विसरतात. विदर्भातलं मार्चपासूनचं ऊन, ४००ची (कमी उजेडातही चालणारी) फिल्म, शटरचा सर्वांत जलद वेग १/१०००. अपर्चर जातं एफ ११वर. एफ १.४ तिथे निव्वळ वजन आहे. ती कामाची कुठे? दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोली पट्ट्यात रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांत. मंचापासून सहा मीटरवर ५० मिमीत सव्वाचार मीटर मंच येतो, एफ २ला ४००ची फिल्म बऱ्याचदा निभावते, आणि आरसा नसल्याने शटरचा आवाज शेजारच्यालाही खटकत नाही. म्हणून माझं मत: खिडकीत दोन्ही चौकटी असतील तर पहिली ३५ची, एफ २.५ किंवा २.८ पुरे. एम३ असेल, किंवा नाटकं हाच विषय असेल, तर ५० एफ २.

उन्हाचा आणखी एक धोका. आरसा नसल्यामुळे लेन्स थेट सूर्याकडे राहिली तर कापडी शटरला भोक पडू शकतं. बैलबंडीवर कॅमेरा ठेवताना झाकण लावा. (झाकण न काढता फोटो काढले तरी खिडकीत काहीच कळत नाही, हेही ओघाने आलंच.) कॅनन पीच्या शटरचा पडदा धातूचा आहे, त्याला ही भीती कमी.

१९९९पासून जपानच्या कोसिनाने फोइक्टलेंडर नावाने नव्या लेन्स काढल्या, अलीकडे चिनी कंपन्यांनी एम माउंटच्या लेन्स आवाक्यात आणल्या, आणि २०२२मध्ये लायकाने एम६ पुन्हा बाजारात आणला. आट्यांच्या जुन्या लेन्सही एमवर चालतात. माउंटपासून फिल्मपर्यंतच्या अंतरात दोघांचा फरक नेमका एक मिलिमीटरचा, २८.८ आणि २७.८, तेवढ्याच जाडीची रिंग ती भरून काढते आणि योग्य चौकटही खिडकीत आणते. रिंग ३५ची घेतली आणि लेन्स ५०ची असेल तर चौकट चुकीची येईल, एवढं बघा.

जुनी लेन्स घेताना टॉर्च मारून बुरशी बघा, अपर्चरच्या पात्यांवर तेल उतरलंय का तेही बघा. फोकस तपासायला रोल वाया घालवायची गरज नाही. मागचं दार उघडं ठेवून फिल्मच्या रुळांवर बटर पेपर ताणून लावा, शटर ‘बी’वर (बटण दाबलंय तोवर उघडं राहतं त्या खुणेवर) धरून ठेवा, अपर्चर पूर्ण उघडा आणि एक मीटरवर ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या मथळ्यावर ठिपक्यातून फोकस करा. कागदावर मथळा उलटा पण धारदार दिसला पाहिजे. आट्यांच्या लायकाला मागचं दारच नसतं, फिल्म खालून भरतात. त्याच्यासाठी मात्र एक रोल खर्च करावाच लागतो.