मुंबई-लंडन : अंतर एक, वेळा दोन

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. जाताना तेवढंच, येताना तेवढंच. तरीही वेळापत्रकात जाण्याचा प्रवास दहा तासांच्या आसपास असतो आणि परतीचा नऊच्या. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असल्याने ही तफावत पटकन ध्यानात येत नाही. दोन शहरांच्या घड्याळांतला फरक (उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच) हिशेबात घेतला की ती उघडी पडते.

असं का होतं, हे मुलांना विचारलं की कुणीतरी म्हणतंच, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडन आपल्याच दिशेने येतंय. मग जाताना वेळ कमी लागायला हवा!" मला हा तर्क फार आवडतो. त्यात एकच गोष्ट निसटते : विमान ज्या हवेतून उडतं, ती हवाही पृथ्वीबरोबर फिरत असते. धावत्या लोकलमध्ये उडी मारली तर आपण मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, तसंच हे.

पण पृथ्वीच्या फिरण्याचा इथे काहीच संबंध नाही, असंही नाही. तिचा परिणाम वाऱ्यातून होतो, आणि तो बरोबर उलटा. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकत असते, मुंबईची सुमारे १,५८०, लंडनची जेमतेम १,०४०. विषुववृत्ताजवळची तापलेली हवा वर चढून उत्तरेकडे निघते, तेव्हा तिथला वेग ती सोबत नेते. उत्तरेची जमीन हळू सरकणारी, त्यामुळे ही हवा तिच्या पुढे, पूर्वेला धावू लागते. अशातून तयार होणाऱ्या अतिवेगवान वाऱ्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्याचा एक पट्टा इराण आणि उत्तर भारतावरून वाहतो. तो वाहतो ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमका प्रवासी विमानांच्या वाटेत. ताशी २०० किलोमीटर वेग त्याला नवा नाही.

जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. अहवाल मात्र त्यांनी एस्परान्तो या मुद्दाम घडवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापला, आणि जगाचं त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. इतकं महत्त्वाचं काम असं पडून राहावं, याची खंत वाटते.

या वाऱ्याची ताकद फेब्रुवारी २०२०मध्ये दिसली. ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण भोवतालच्या हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं. म्हणून ध्वनीची मर्यादा ओलांडल्याचा स्फोटासारखा आवाज झाला नाही.

मग जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो का? सोपं गणित करू. वळणं, चढ-उतार आणि धावपट्टीवरचा वेळ बाजूला ठेवू. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर वारा नसताना ७,२०० किलोमीटरला ८ तास, म्हणजे येऊन-जाऊन १६. आता ताशी १०० वेगाचा, पश्चिमेकडून पूर्वेला वाहणारा वारा आणा. जाताना वेग ८००, लागले ९ तास. येताना १,०००, लागले ७ तास १२ मिनिटं. एकूण १६ तास १२ मिनिटं! विमान विरोधी वाऱ्यात जास्त वेळ असतं आणि अनुकूल वाऱ्यात कमी, म्हणून ही १२ मिनिटं वाढतात. वाऱ्याचा वेग २०० केला, तर ती जवळपास ५० होतात.